खालचा कप्पा

साखरेचा डबा तिनं सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवला, आणि तेवढ्यानं मन भरेना म्हणून आणखी मागं सारला, पार भिंतीला टेकेपर्यंत. त्याच्यापुढं तांदळाचा मोठा डबा. त्याच्यापुढं वर्षानुवर्षं न लागलेलं, हंड्याएवढं पातेलं. म्हणजे चहाला साखर हवी असेल तर माणसानं आधी गुडघे टेकायचे, पातेलं बाहेर ओढायचं, तांदूळ बाजूला करायचे आणि मग खांद्यापर्यंत हात आत घालायचा. थोरलीनं स्वतः एकदा करून पाहिलं. फरशी गुडघ्यांना गार लागली, कपाटाची कड दंडात रुतली. तिनं समाधानानं दार लावलं.

"ताई, चुकलीस," धाकटी म्हणाली. ती ओट्यापाशी उभी राहून डबे पुसून देत होती. "साखर खाली गेली. चहापावडरही मघाशी तू खालीच ठेवलीस."

"चुकले नाही."

"अगं, अप्पांचा गुडघा..."

"डॉक्टरांनी हालचाल सांगितलीय ना? बसून बसून आखडलाय म्हणाले. मग करतील हालचाल."

धाकटीच्या हातातलं फडकं थांबलं. थोरलीच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नसे. जे कळायचं ते तिच्या हातांवरून. आत्ता ते हात डबे इतक्या प्रेमानं लावत होते की धाकटीला भीतीच वाटली.

"मग वरच्या कपाटांत काय ठेवणार?"

"काचेची ताटं. पाहुण्यांचे कप. फुलदाणी."

"फुलदाणी कोण वापरतंय या घरात?"

"कुणीच नाही. म्हणून तर वर."

आई गेल्यावर अप्पांनी एकटं राहायचं ठरलं, म्हणजे अप्पांनीच ठरवलं. दोघी लेकींनी आपापल्या घरी न्यायची तयारी दाखवली, तेव्हा ते म्हणाले होते, "मला काय धाड भरलीय? चहा येतो, भात येतो, अंडं उकडता येतं. फक्त वस्तू तेवढ्या माझ्या हाताशी लावून द्या." हे काम थोरलीनं मागून घेतलं. त्यासाठी रजा काढली. अप्पांना बरं वाटलं. शेजारच्या काकूंनी तर दारात उभं राहून, डोळ्यांना पदर लावून सांगितलं, की लेक असावी तर अशी. जन्मदात्यासाठी कपाटं आतून साबणानं धुतेय बिचारी. थोरली साबणाचे हात तसेच ठेवून नम्रपणे हसली.

ही कपाटं लावली तेव्हा ती शाळेत होती. घर नवीन होतं, भिंतींना अजून चुन्याचा वास यायचा, आणि ती सुताराच्या भुशात बसून कुरळ्या सालप्यांच्या बांगड्या करत होती. सुतार कानावरची पेन्सिल हातात घेऊन म्हणाला, "वरची कपाटं कितीवर घ्यायची, साहेब?" अप्पा नळापाशी जाऊन ताठ उभे राहिले. अप्पा चांगलेच उंच. "मी इथं पाणी प्यायला येतो," ते म्हणाले. "येता-जाता माझं कपाळ आपटता कामा नये. त्या हिशेबानं घे." सुतारानं त्यांच्या डोक्यावरून भिंतीवर खूण केली. मग त्यानं मागं वळून आईकडे बघितलं, आणि भिंतीकडे बघितलं, आणि जरा चाचरत विचारलं, "पण वहिनींचा हात पुरंल का?"

आईनं तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "स्टूल आहे की!"

सगळे हसले. सुतार हसला, आई हसली, भुशात बसलेली थोरलीही हसली. मग ते घरातलं बोलणंच होऊन बसलं. बस चुकली, स्टूल आहे की. परीक्षेत मार्क कमी पडले, स्टूल आहे की. आई स्वतःही म्हणायची, आणि म्हणता म्हणता ते बुटकं लाकडी स्टूल पायानंच ओढून ओट्यापाशी आणायची. चढायची. उतरायची. पुन्हा चढायची. दिवसभरात ती किती वेळा चढत असेल याचा विचार कुणी केला नाही, कारण घड्याळाची टिकटिक काही कुणी मुद्दाम ऐकत नाही.

एका सकाळी अप्पांचे दोन मित्र अचानक आले. आई चहाचा डबा काढायला चढली आणि ओल्या फरशीवर स्टूल सरकलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग अंथरूण, मग छातीत कफ. पडली ती परत उभी राहिली नाही.

इतकं सगळं थोरलीनं सोसलं असतं. म्हाताऱ्या माणसांच्या नशिबी पडणं असतंच. पण भेटायला माणसं यायला लागली, आणि प्रत्येकाला अप्पा तेच सांगायला लागले. आरामखुर्चीत मान मागं टाकून, एक लांब सुस्कारा सोडून. "किती वेळा सांगितलं होतं तिला, जपून चढत जा, जपून चढत जा. ऐकेल तर शपथ." आलेला माणूस मान हलवायचा. बायका तर हमखास म्हणायच्या, "आम्ही बायका तशाच हो, मेल्या धांदरट." थोरली पाण्याचे पेले घेऊन आत-बाहेर करत होती. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. कान किटले. जी बाई जन्मभर सगळ्यांचंच ऐकत राहिली ती शेवटी न ऐकल्यामुळं मेली, असं या घरात आता पक्कं होत चाललं होतं. आणि खोडून काढायला ती स्वतः नव्हती.

त्या पेल्यांच्या फेऱ्यांमध्येच थोरलीनं एक वाक्य तयार केलं. ते तिनं मनातल्या मनात डब्यासारखं घासून लखलखीत करून ठेवलं होतं. अप्पांनी एकदा, फक्त एकदा, कण्हत म्हणायला हवं होतं, की कुणी गं हे असं अडनिडं लावलंय. की लगेच ती म्हणणार होती: "जपून वाकत जा, अप्पा. किती वेळा सांगायचं?"

बस. एवढंच हवं होतं तिला. त्याहून जास्त काही नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा चहा करायला उठले. थोरली जेवणाच्या टेबलाशी पेपर उघडून बसली होती. तिथून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसे. अप्पांनी वरचं कपाट उघडलं. काचेच्या ताटांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी दार लावलं, दुसरं उघडलं. फुलदाणी. ते जरा वेळ फुलदाणीपुढं उभे राहिले.

"धाकटे! साखर कुठाय गं?"

धाकटी दाराआड टपूनच बसली असावी. ती धावत गेली, गुडघ्यांवर बसली, पातेलं ओढलं, तांदूळ सरकवले, खांद्यापर्यंत आत गेली आणि साखर घेऊन वर आली. कमरेला हात लावून उठली.

"वा," अप्पा म्हणाले, आणि दोन चमचे साखर घातली.

दुपारी तेच. संध्याकाळी तेच. अप्पा हाक मारत, धाकटी वाकत असे. थोरली पेपर वाचत असे. तिचं एकच पान दिवसभर चालू होतं. तिसऱ्या हाकेनंतर धाकटीनं साखर गुपचूप ओट्यावरच ठेवून दिली. थोरलीनं ती गुपचूप परत खाली ठेवली. मग ती पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. शेवटी अप्पा फिरायला बाहेर पडले तेव्हा धाकटीनं डबा पोटाशी धरून तिला गाठलंच.

"ताई, तू त्यांच्यासाठी खड्डा खणलायस आणि त्यात दर खेपेला मी उतरतेय."

"उतरू नकोस."

"मग कोण उतरणार?"

"ज्याला चहा गोड लागतो तो."

"त्यांना येणार नाहीये ते. तुलाही माहितीय."

"आईला तरी कुठं येत होतं? शिकली."

धाकटी हळूच म्हणाली, "आई असती तर तिनं असं केलं असतं का?"

"आई असती तर ती वर चढली असती. तिला दुसरं काय करू दिलं होतं?"

"निदान ते स्टूल तरी गॅलरीतून आत आण. त्यावर बसून काढतील बिचारे."

"त्यावर कुंडी ठेवलीय मी."

धाकटीनं डोळे पुसले, पण हसूही आलं तिला. लहानपणापासून थोरलीच्या दुष्टपणाचं तिला हसू यायचं आणि मग त्याचीच लाज वाटायची. तिची मुलं घरी वाट बघत होती. दुसऱ्या दिवशी निघताना दारात चपला चढवत तिनं विचारलं, "त्यांना लागलं-बिगलं तर गं?"

"मी आहे ना इथं."

"तीच तर भीती आहे," धाकटी म्हणाली आणि जिना उतरून गेली.

आता घरात दोघंच उरली.

सकाळी अप्पा उठले, त्यांनी तोंड धुतलं, स्वयंपाकघरात जाऊन पातेलीत पाणी घेतलं आणि गॅस पेटवला. मग सवयीनं "धा..." एवढं म्हणाले आणि थांबले. त्यांनी दारातून थोरलीकडे बघितलं. थोरलीनं पेपरचं पान उलटलं, आज खरोखरच.

"साखर..."

"खालच्या कप्प्यात. मागं."

अप्पा कपाटापाशी गेले. एक हात ओट्यावर टेकवला. दुसरा मांडीवर. एवढा उंच माणूस खाली बसताना बघणं म्हणजे शिडी मिटताना बघण्यासारखं होतं. एक भाग मिटला की दुसरा उघडत होता. आखडलेला पाय त्यांनी बाजूला लांब टाकला. "आई गं," ते पुटपुटले. थोरलीनं पेपर खाली केला. त्यांनी पातेलं ओढलं, ते त्यांच्या हातून सुटलं आणि फरशीवर गरगर फिरत, खणखणत आडवं झालं. तांदळाचा डबा त्यांनी इंचाइंचानं सरकवला. मग गाल कपाटाच्या कडेला चिकटवून त्यांनी हात आत घातला. चेहरा तिच्याकडेच होता, पण डोळे मिटलेले होते. बोटांनी डबा चाचपला, निसटला, पुन्हा चाचपला.

साखर बाहेर आली. ते मात्र उठू शकले नाहीत. त्यांनी ओट्याची कड धरून एकदा जोर लावला, पाय घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. मग प्रयत्न सोडून ते कपाटाला पाठ टेकून बसूनच राहिले, एक पाय लांब, मांडीवर साखरेचा डबा.

थोरली उठून दारात जाऊन उभी राहिली. वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. आता फक्त त्यांनी कुरकुरायचं बाकी होतं.

अप्पा कुरकुरले नाहीत. ते वर बघत होते.

"वरची कपाटं फारच वर दिसतात गं इथून," ते म्हणाले.

"इथूनच नाही. आहेतच वर."

"छे. माझ्या हिशेबानं बरोबर आहेत."

"तुमच्या."

"तुझ्या आईचाही पोचायचा की हात."

"नाही पोचायचा."

"काहीतरीच बोलतेस. ते स्टूल होतं ते अगदी वरच्या फळीला. कधीमधी."

"रोज लागायचं, अप्पा. मिठालासुद्धा."

ते हसले. बसल्या जागेवरून, अगदी मनापासून, समजुतीचं हसू हसले. "मला सांगतेस? मी यायचो ना इथं पाणी प्यायला. ती डबा काढून अशी वळायची, आणि मी समोर. डोळ्याला डोळा. लाजायची कधीकधी. म्हातारपणीसुद्धा." त्यांनी हात वर केला. हात पुरेना, तेव्हा बोट लांब केलं. "तिथं. त्या मुठीच्या जरासा खाली यायचा तिचा चेहरा."

थोरलीनं ते बोट दाखवत होतं तिकडं बघितलं. कपाटाची पितळी मूठ. ती स्वतः आईपेक्षा चांगली उंच. तिच्यासुद्धा डोक्याच्या वर होती मूठ. तिनं अप्पांकडे बघितलं. अप्पा खोटं बोलत तेव्हा त्यांचा आवाज चढे, हे या घरात मांजरालाही ठाऊक होतं. आत्ता त्यांचा आवाज अगदी खाली होता.

"अप्पा, ती स्टुलावर उभी असायची तेव्हा."

"नेहमी?"

"नेहमी."

गॅसवरचं पाणी खदखदायला लागलं होतं. अप्पांनी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"आणि लग्नाच्या फोटोत? खांद्याला खांदा आहे त्यात."

"फोटोत तुम्ही खुर्चीत बसलायत. ती शेजारी उभी आहे."

"बरं, ते सोड. रोज संध्याकाळी आम्ही फिरायला..." ते बोलता बोलता थांबले. जिभेवर आलेलं काहीतरी त्यांनी स्वतःच परतवलं. "फिरायला मी पुढं असायचो," ते म्हणाले.

मग त्यांनी आणखी एकदा तोंड उघडलं. बहुधा दवाखान्याचं काहीतरी आठवलं असावं. पण तिथं ती आडवी होती. त्यांनी तोंड मिटलं.

थोरलीनं आपलं वाक्य शोधलं. ते होतं, जागच्या जागी होतं, पण ज्याच्यासाठी तिनं ते घासूनपुसून ठेवलं होतं तो माणूस वेगळा होता. त्याला सगळं ठाऊक असणार होतं. त्यानं ओट्यापाशी धडपडणारी बुटकी बाई रोज बघितलेली असणार होती, आणि बघून तो हसलेला असणार होता. इतके दिवस ती त्याच्यावर टपून बसली होती. खाली फरशीवर बसलेल्या या माणसानं त्या बाईला बघितलंच नव्हतं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे पुष्कळ वाईट होतं; आणि त्याचं उत्तर तिच्यापाशी तयार नव्हतं.

"मग किती होती ती?" अप्पांनी विचारलं.

"काय?"

"उंच. किती होती?"

थोरली ओट्यापाशी गेली. तिला आठवावं लागलं नाही. दर खेपेला निघताना आई कुशीत यायची तेव्हा तिचा भांग बरोबर थोरलीच्या हनुवटीखाली टेकायचा; तेलाचा वास यायचा. तिनं तळहात आडवा केला आणि आपल्या हनुवटीखाली, जरा पुढं, हवेत धरला.

अप्पा बघत राहिले.

"एवढी?"

"एवढीच."

त्यांची नजर तळहातापासून वर निघाली आणि कपाटाच्या मुठीपर्यंत पोचायला तिला पुष्कळ वेळ लागला. मग ती तितक्याच सावकाश परत खाली आली. त्यांच्या मांडीवरचा डबा कलंडला, झाकण सुटलं आणि थोडी साखर फरशीवर सांडली. त्यांनी तिकडं बघितलं नाही.

थोरलीला वाटलं, पुरे. आपल्याला जे हवं होतं ते झालं असावं. तिनं हात खाली घेऊन त्यांच्यापुढं केला, उठवायला.

"नको," अप्पा म्हणाले. "धर परत."

"काय?"

"हात. मघाशी होता तसा. तिथंच."

तिनं हात पुन्हा वर नेला आणि होता तिथं धरला. गॅसवरचं पाणी आटत चाललं होतं. तिचा दंड हळूहळू भरून आला, मग दुखायला लागला. कुणी तिला धरून ठेवलं नव्हतं. तरी ती हललीसुद्धा नाही.

"खाली घेऊ नकोस इतक्यात," अप्पा म्हणाले. आणि त्या तळहाताखालच्या रिकाम्या जागेकडे ते वरपासून खालपर्यंत नीट बघत राहिले, कुणी नव्यानंच ओळख करून दिलेल्या माणसाकडे बघावं तसे.